लहान कॅबिनेट, दमदार संगणक आणि पंख्यांचा आवाज
वाचकांचे प्रश्न व उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत: टेबलावर मावेल एवढ्या कॅबिनेटमध्ये ताकदीचा संगणक बसवायचा, तो केवळ हवेवर थंड ठेवायचा आणि त्याचा आवाज मात्र ऐकू येऊ द्यायचा नाही. त्यामुळे हे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न: मी घरी चित्रफितींचे संकलन करतो आणि त्याच खोलीत निवेदनाचे ध्वनिमुद्रणही करतो. वीस लिटरच्या आतल्या कॅबिनेटमध्ये सोळा कोअरचा प्रोसेसर आणि चांगल्यापैकी ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे. एवढ्या लहान जागेत लिक्विड कूलिंगला पर्याय नाही, असे सगळेच सांगतात. मला मात्र पाणी, पंप वगैरे काही नको आहे. हवेवर थंड होणारा आणि तरीही शांत असा संगणक शक्य आहे का? असल्यास सुरुवात कुठून करावी?

उत्तर: शक्य आहे, मात्र सुरुवात पंख्यांच्या यादीपासून न करता वॉटच्या हिशेबापासून करावी. संगणक जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते, आणि ती कॅबिनेटबाहेर नेण्याचे काम हवेलाच करावे लागते. समजा, सर्व भाग मिळून ३५० वॉट वीज घेत आहेत आणि आत शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा फार तर १० अंशांनी गरम असावी, अशी आपली अपेक्षा आहे. मग दर सेकंदाला सुमारे २९ लिटर हवा आतून वाहिली पाहिजे. म्हणजे अठरा लिटरच्या कॅबिनेटमधली सगळी हवा सेकंदाला दीड वेळा बदलली गेली पाहिजे. वीस अंशांची वाढ चालणार असेल तर निम्म्या हवेत भागते. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ हा १२० मिमीचा पंखा २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेरे) मोकळ्यात ताशी सुमारे १०२ घनमीटर हवा देतो. म्हणजे १००० आरपीएमवर त्याच्या निम्मी, सेकंदाला साधारण १४ लिटर. जाळी, फिल्टर आणि केबलींचा अडथळा आला की हा आकडा आणखी उतरतो. तरीही १२० मिमीचे दोन-तीन पंखे संथ गतीने फिरवून ३५० वॉट बाहेर काढणे आवाक्यातले आहे, हे या आकड्यांवरून दिसते. ६५० वॉट आवाक्यातले नाहीत. तेथे पंखे पळवावे लागतात आणि पंखे पळाले की आवाज आलाच.

लिक्विड कूलिंगबद्दलचा सर्वसाधारण समजही येथे तपासून पाहण्याजोगा आहे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते ती प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत नेते. रेडिएटरवरून ती हवेतच सोडली जाते आणि त्या हवेला पंखे लागतातच. लहान कॅबिनेटमध्ये २४० मिमीचा रेडिएटर बसवला की ज्या भोकांतून ग्राफिक्स कार्डाला ताजी हवा मिळायची किंवा त्याची गरम हवा बाहेर जायची, नेमकी तीच भोके तो अडवतो. शिवाय पंप अहोरात्र चालू राहतो, आणि संगणक रिकामा असताना, पंखे जवळजवळ थांबलेले असताना, त्याची सूक्ष्म गुणगुण मायक्रोफोनला सहज सापडते. प्रोसेसर सतत दोनशे वॉटच्या वर घेणार असेल आणि कूलरला सत्तर मिमीसुद्धा उंची मिळणार नसेल, तर लिक्विड कूलिंग सरस ठरते, हे मान्य करायला हवे. आपली गरज तशी दिसत नाही.

आता वॉट कुठे वाचवायचे ते पाहू. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज ढोबळमानाने वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेगाच्या शेवटच्या टप्प्यात थोडीशी वारंवारता मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या सेटिंगमध्ये शेवटच्या थोड्या वेगासाठी वीज भरमसाट जाते. रायझन ९ ७९५०एक्स या सोळा कोअरच्या प्रोसेसरवर १७० वॉट असे लिहिलेले असते, पण सॉकेटमधून तो २३० वॉटपर्यंत घेऊ शकतो. त्याच प्रोसेसरला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, १०५ वॉटच्या इको मोडवर (कमी विजेच्या सेटिंगवर) ठेवले तर ही मर्यादा १४२ वॉट होते आणि ६५ वॉटच्या इको मोडवर ठेवले तर ८८ वॉट. पहिल्या बदलात वेग अगदी थोडा जातो. दुसऱ्यात सर्व कोअर एकदम राबवणाऱ्या कामात साधारण पाचवा हिस्सा जातो, पण विजेचा निम्म्याहून अधिक भार उतरतो. एखाद-दुसऱ्या कोअरवर चालणाऱ्या कामांत तर फरक जाणवतही नाही. माझ्या मते संकलनासाठी १४२ वॉटची मर्यादा आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी ८८ वॉटची, ही आपल्यासाठी योग्य जोडी आहे. बायोसमध्ये दोन वेगळे प्रोफाइल साठवून ठेवले की हा बदल एका रीस्टार्टचा असतो.

ग्राफिक्स कार्डाचेही तेच. आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचे कार्ड आहे आणि आरटीएक्स ४०७० हे २०० वॉटचे. पहिल्याची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली तर ते ३१५ वॉटवर येते आणि बहुतेक कामांत त्याचा वेग काही टक्क्यांनीच घटतो. तरीही वीस लिटरच्या आत, केवळ हवेवर, आणि शेजारी मायक्रोफोन ठेवून काम करायचे असेल तर मी कार्डाला २०० ते २५० वॉटच्या पुढे जाऊ देणार नाही. ही मर्यादा दोन मार्गांनी गाठता येते: मुळात लहान कार्ड घ्यावे, किंवा मोठे कार्ड घेऊन त्याला आवरावे. पैसे आणि जागा दोन्ही असतील तर दुसरा मार्ग अधिक शांत, कारण मोठ्या कार्डाबरोबर मोठा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) आणि मोठे पंखेही येतात.

राहिला कॅबिनेटचा प्रश्न. फ्रॅक्टल डिझाइनचे टेरा १०.४ लिटरचे आहे आणि त्यात प्रोसेसरच्या कूलरला जास्तीत जास्त ७७ मिमी उंची मिळते. कूलर मास्टरचे एनआर२०० हे १८.२५ लिटरचे आहे आणि त्यात १५५ मिमीपर्यंतचा उभा, टॉवर पद्धतीचा कूलर बसतो. दोन्ही कॅबिनेटे टेबलावरच राहतात. टेबलावर बसणाऱ्याला त्या आठ लिटरचे काही वाटणार नाही, पण हवेला त्यांचे फार मोल आहे. लिटर कमी करत जाण्याचा एक छंदच असतो, आणि छंद म्हणून तो चांगलाही आहे. शांततेशी मात्र त्याचे जमत नाही. आपण पंधरा ते वीस लिटरच्या दरम्यान राहावे, १७० मिमी चौरसाचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घ्यावा, उभा कूलर बसवावा आणि वर व मागे १२० मिमीचे पंखे लावावेत.

प्रश्न: माझे कॅबिनेट ठरलेले आहे आणि त्यात कूलरला फक्त ७० मिमी जागा आहे. बुटक्या कूलरमध्ये काय पाहावे? ९२ मिमी पंख्याचा घ्यावा की १२० मिमीचा?

उत्तर: बसत असेल तर निःसंशय १२० मिमीचा. सारख्या घडणीच्या दोन पंख्यांत हवेचे प्रमाण गतीच्या आणि व्यासाच्या घनाच्या पटीत बदलते. त्यामुळे १२० मिमीचा पंखा जेवढी हवा देतो तेवढी देण्यासाठी ९२ मिमीच्या पंख्याला दुपटीहून अधिक वेगाने फिरावे लागते. गतीचा आवाजावर होणारा परिणाम तर त्याहून कडक आहे: एखाद्या पंख्याची गती निम्मी केली की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, तसाच आणखी एक पंखा जोडला तर केवळ ३ डेसिबल वाढतात. मोठे पंखे, जास्त पंखे आणि कमी गती, हे धोरण या दोन आकड्यांतून येते.

नॉक्टुआचा एनएच-एल१२एस हा कूलर पंख्यासह बरोबर ७० मिमी उंचीचा आहे आणि त्याला १२० मिमीचा पातळ पंखा आहे. त्याच कंपनीचे एनएच-एल९आय आणि एनएच-एल९ए हे कूलर ३७ मिमीचे आणि ९२ मिमी पंख्याचे आहेत. ते घेतल्यास प्रोसेसर ६५ वॉटच्या आसपास ठेवण्याची तयारी हवी. खरेदीपूर्वी रॅमची उंची पाहावी, कारण आडव्या कूलरचा पंखा किंवा पत्र्यांचा थर बऱ्याचदा रॅमच्या डोक्यावरून जातो आणि शोभेचा उंच हीटस्प्रेडर असलेली रॅम तेथे अडते.

बुटक्या कूलरमध्ये एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे पंखा आणि बाजूच्या पॅनलमधले अंतर. पंखा वरून हवा ओढणारा असेल आणि पॅनलची जाळी त्याला अगदी चिकटून असेल, तर प्रत्येक पाते जाळीच्या मागच्या अस्थिर हवेतून जाते आणि एक स्पष्ट सूर उमटतो. सात पात्यांचा पंखा १२०० आरपीएमवर फिरत असेल तर तो सूर सेकंदाला १४० कंपनांच्या आसपास असतो. डेसिबलच्या मोजणीत तो फारसा उठून दिसत नाही, पण तो घुमारा कानाला खुपतो. अंतर तीन-चार मिमीवरून दहा मिमीवर गेले की तो बराच मावळतो. म्हणूनच जागा ७० मिमी असताना ७० मिमीचाच कूलर घेणे मला पटत नाही. साठच्या आसपासचा कूलर घ्यावा, आणि उरलेल्या फटीत पंख्याच्या कडेने मऊ फोमची चौकट कापून लावावी, म्हणजे पंखा कॅबिनेटमधली गरम हवा परत न ओढता थेट बाहेरची हवा ओढेल. ही चौकट काही अंशांचा फरक पाडते आणि तिला लागते ती केवळ कात्री.

प्रश्न: नवा संगणक जुळवून झाला, पण रिकामा असतानाही पंखा दर काही सेकंदांनी चढतो आणि उतरतो. साधे ब्राउझर उघडले तरी तापमान ४५ वरून ६५ अंशांवर उडी घेते. कूलर नीट बसला नाही का?

उत्तर: कूलर बहुधा नीट बसलेला आहे. आजच्या प्रोसेसरमधला प्रत्यक्ष राबणारा सिलिकॉनचा तुकडा फार लहान असतो; रायझन ७००० मालिकेत आठ कोअरचा एक तुकडा सुमारे ७० चौरस मिमीचा, म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढा आहे. एखादा कोअर पूर्ण वेगाने धावू लागला की त्या तुकड्यातल्या एका कोपऱ्यात उष्णता दाटते आणि सेन्सर ते क्षणार्धात दाखवतो. त्या वेळी कूलरचे तांबे आणि ॲल्युमिनियम मात्र जेमतेम कोमट झालेले असते. सेन्सर पाहून पंखा धावू लागतो, पण ती उष्णता अजून पत्र्यांपर्यंत पोहोचलेलीच नसल्यामुळे त्या धावण्याचा काही उपयोग होत नाही. ती पोहोचेपर्यंत ब्राउझर उघडून झालेला असतो आणि पंखा पुन्हा उतरतो. हे आंदोलन कानाला सततच्या आवाजापेक्षा अधिक त्रास देते.

उपाय बायोसमधल्या फॅन कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती गतीने फिरेल हे ठरवणाऱ्या आलेखात, आहे. साधारण ६५ ते ७० अंशांपर्यंत पंख्याची रेषा सपाट ठेवावी, म्हणजे तोपर्यंत गती बदलूच नये. त्यानंतर ती हळूहळू चढवावी आणि सर्वाधिक गती पंख्याच्या पूर्ण क्षमतेवर न नेता, जेथे आवाज आपल्याला सहन होतो तेथेच थांबवावी. बहुतेक मदरबोर्डांत ‘स्टेप अप टाइम’ आणि ‘स्टेप डाउन टाइम’ किंवा तत्सम नावाची सेटिंग असते. ती काही सेकंदांवर न्यावी. आपल्या प्रोसेसरचे कमाल तापमान किती ठरवले आहे तेही पाहून ठेवावे. ७९५०एक्ससाठी ते ९५ अंश आहे आणि ७८००एक्स३डीसाठी ८९. दीर्घ कामात ८० ते ८५ अंश दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. संगणक ६० अंशांवर राहिलाच पाहिजे हा आग्रह सोडला, की पंख्यांवरचा अर्धा ताण तेथेच संपतो.

कॅबिनेटच्या पंख्यांना प्रोसेसरच्या तापमानावर चालवू नये, कारण तीच उडी मग सगळे पंखे एकसाथ घेतात. त्यांना ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशी जोडणे श्रेयस्कर. कार्ड हळू तापते, हळू निवते, आणि कॅबिनेटमधली बहुतांश उष्णता त्याचीच असते. मदरबोर्ड कार्डाचे तापमान वाचू शकत नसेल तर ‘फॅन कंट्रोल’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम हे काम नीट करतो.

दोन सारखे पंखे जवळजवळ सारख्या गतीने फिरत असतील तर आणखी एक गंमत घडते. सात पात्यांचे दोन पंखे ८०० आणि ८३० आरपीएमवर असतील, तर त्यांच्या सुरांत सेकंदाला साडेतीन कंपनांचा फरक पडतो आणि आवाज सेकंदाला तीन-चार वेळा मोठा-लहान होत लहरत राहतो. यावर गती मुद्दाम शंभरभर आरपीएमने वेगळी ठेवणे हाच उपाय आहे.

प्रश्न: पंखे आत हवा ओढणारे लावावेत की बाहेर टाकणारे? प्रत्येक जण वेगळे सांगतो.

उत्तर: प्रत्येक जण वेगळे सांगतो, कारण प्रत्येकाचे कॅबिनेट वेगळे असते. सर्वसाधारण नियम एवढाच, की हवा एकदा तापली की ती दुसऱ्यांदा कोणत्याही कूलरमध्ये शिरू नये. ग्राफिक्स कार्ड तळाशी असेल आणि तळाला जाळी असेल तर कार्डाचे पंखे खालून स्वतःच हवा ओढतात; तेथे कॅबिनेटचे पाय पंधरा-वीस मिमी उंच असणे हे एखादा जादा पंखा बसवण्याइतकेच महत्त्वाचे असते. वरचे आणि मागचे पंखे मग बाहेर टाकणारे असावेत. याउलट, अगदी अरुंद कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड एका बाजूला आणि कार्ड दुसऱ्या बाजूला असते, दोघेही आपापल्या जाळीतून थेट हवा घेतात, आणि वर एखादा बाहेर टाकणारा पंखा मिळाला तर तेवढा पुरतो.

वाद घालण्यापेक्षा चाचणी घ्यावी. प्रोसेसर आणि कार्ड दोघांवर एकदम भार टाकून वीस मिनिटे थांबावे, म्हणजे तापमान स्थिरावते, आणि आकडे लिहून घ्यावेत. मग बाजूचे पॅनल काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. पॅनल काढल्यावर तापमान दोन-तीन अंशांनीच उतरले तर कॅबिनेटचा वारा ठीक आहे आणि अडचण असलीच तर कूलरची किंवा वॉटची आहे. ते दहा अंशांनी उतरले तर मात्र गरम हवा आतच घोटाळत आहे असे समजावे. ती कुठे घोटाळते हे शोधण्यासाठी पातळ कागदाची बोटभर रुंदीची पट्टी प्रत्येक जाळीसमोर धरून पाहावी: पट्टी जाळीकडे ओढली गेली तर तेथून हवा आत जाते, ढकलली गेली तर बाहेर येते. गरम हवा बाहेर येणारी जागा आणि थंड हवा आत जाणारी जागा शेजारी-शेजारी आढळली, तर मध्ये फोमची पट्टी लावून त्या दोघी वेगळ्या कराव्यात. दोन्ही चाचण्यांच्या वेळचे खोलीचे तापमानही लिहून ठेवावे, कारण हवेवरचा कूलर खोलीच्या तापमानाच्या वरच काम करतो. खोली पाच अंशांनी तापली की आतले आकडेही जवळजवळ तेवढेच चढतात आणि तुलना फसते.

प्रश्न: कॅबिनेटच्या आतून आवाज शोषणारा फोम चिकटवला तर?

उत्तर: पाच-सात मिमीचा फोम तीक्ष्ण, उच्च स्वर थोडेफार शोषतो. पंख्यांचा घुमारा शंभर ते तीनशे कंपनांच्या पट्ट्यात असतो आणि त्याला एवढा पातळ फोम अडवू शकत नाही. शिवाय जाळ्या उघड्या असतात, त्यांतून आवाज बाहेर येतोच. लहान कॅबिनेटमध्ये फोम जागा खातो, वारा अडवतो आणि पर्यायाने पंखे पळवतो. लावू नये. पत्रा थरथरून वाजत असेल तर मात्र त्या पत्र्यावर जड, चिकट डांबरी पट्टी लावण्याचा फायदा होतो.

प्रश्न: पंखे पूर्ण शांत केले, तरी गेम सुरू होताच ग्राफिक्स कार्डातून किर्रर्र असा बारीक आवाज येतो. कार्ड सदोष आहे का? पॉवर सप्लाय ६०० वॉटचा आहे, तो कमी पडत असेल का?

उत्तर: हा कॉइल व्हाइन नावाचा प्रकार आहे. कार्डावरच्या वीजपुरवठ्यातल्या गुंडाळ्यांतून जाणारा प्रवाह झपाट्याने कमी-जास्त होतो, आणि त्या ओढाताणीने गुंडाळ्या अतिसूक्ष्म कंप पावतात. हा सहसा दोष मानला जात नाही आणि त्याने कार्डाचे आयुष्यही घटत नाही, पण शांत संगणकात तोच एकटा ऐकू येतो, हे खरे आहे. पडद्यावर सेकंदाला कित्येक शे चित्रे उमटत असताना, उदाहरणार्थ गेमच्या मेनूमध्ये, तो सर्वांत तीव्र असतो. म्हणून मॉनिटरच्या क्षमतेइतकीच फ्रेम मर्यादा घालावी. त्यानंतर आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्राममधून व्होल्टेज थोडे उतरवावे. प्रवाह कमी झाला की किरकिर कमी होते, आणि वॉटही वाचतात. प्रोसेसरचे व्होल्टेजही बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगमधून असेच उतरवता येते. मात्र उणे २० सारखा आकडा घालून लगेच निश्चिंत होऊ नये, कारण अस्थिरता बहुधा भार असताना दिसत नाही, ती संगणक रिकामा असताना किंवा एकाच कोअरवर काम चालू असताना अचानक दिसते. प्रत्येक कोअर वेगवेगळा तपासावा आणि मगच महत्त्वाचे काम त्यावर करावे.

पॉवर सप्लायबद्दल: २०० ते २२० वॉटचे कार्ड आणि मर्यादा घातलेला प्रोसेसर असेल तर ६०० वॉट पुरतात. तरीही शांततेसाठी ७५० वॉटचा घेणे शहाणपणाचे, कारण निम्म्या भारावर चालणारा पॉवर सप्लाय कमी तापतो आणि त्याचा पंखा बराच काळ थांबून राहू शकतो. एसएफएक्स या लहान कॅबिनेटांसाठीच्या आकाराचा पॉवर सप्लाय १०० मिमी खोलीचा असतो आणि त्यात सहसा ९२ मिमीचा पंखा असतो; एसएफएक्स-एल १३० मिमी खोलीचा असतो आणि त्यात १२० मिमीचा मावतो. जागा असेल तर दुसरा घ्यावा, पण ते तीस मिमी केबलींच्या वाट्याचे असतात, हे विसरू नये. कार्डाला सोळा पिनांचा नवा कनेक्टर असेल तर तो खट्टकन पूर्ण आत बसला आहे याची खात्री करावी आणि केबल कनेक्टरपासून किमान ३५ मिमी सरळ जाऊ द्यावी. लहान कॅबिनेटमध्ये बाजूचे पॅनल केबलीवर दाबून लावण्याचा मोह होतो, तो टाळावा.

प्रश्न: रायझर केबल (कार्ड मदरबोर्डाच्या स्लॉटला दुरून जोडणारी केबल) वापरून कार्ड मदरबोर्डाच्या पाठीमागे बसवले आहे. संगणक सुरू होतो, पण पडदा काळाच राहतो.

उत्तर: केबल पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्या जोडणीचे मानक) ३.० ची आणि कार्ड व मदरबोर्ड ४.० चे असतील तर असे होते, कारण दोघे मिळून केबलीला न झेपणारा वेग निवडतात. प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स असेल तर मॉनिटर मदरबोर्डाला जोडावा, नसेल तर कार्ड तात्पुरते थेट स्लॉटमध्ये बसवावे; बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘जेन ३’ असा ठरवून द्यावा आणि मग केबल पुन्हा जोडावी. वेगातला तोटा बहुतेक कार्डांवर नगण्य असतो.

प्रश्न: एवढी सगळी खटपट करण्यापेक्षा पंखाच नसलेला संगणक का घेऊ नये?

उत्तर: कार्यालयीन काम, वाचन आणि साध्या चित्रफिती पाहणे एवढेच असेल तर जरूर घ्यावा. पंखाविरहित रचनेत कॅबिनेटच्याच ॲल्युमिनियमच्या भिंती हीटसिंकचे काम करतात आणि हीटपाइप प्रोसेसरची उष्णता तिथपर्यंत नेतात. पण वारा नसताना तापलेली हवा स्वतःच्या हलकेपणाने जेवढी वर चढेल तेवढीच थंडाई मिळते, म्हणून टेबलावर मावणाऱ्या अशा कॅबिनेटांची मजल ६५ वॉटच्या प्रोसेसरच्या थोडी पुढे संपते आणि ताकदीच्या ग्राफिक्स कार्डाला तेथे जागा उरत नाही. शिवाय प्रोसेसर सांभाळला गेला तरी एम.२ एसएसडी (मदरबोर्डावर थेट बसणारी साठवण) आणि व्होल्टेज पुरवणारे भाग अंगाला वारा न लागल्याने तापतात, आणि एसएसडी तापली की ती स्वतःचा वेग उतरवते. १२० मिमीचा एक चांगला पंखा ५०० आरपीएमवर ठेवला तर एक मीटरवरून तो शांत खोलीतही बहुतेकांना ऐकू येत नाही, आणि वारा नसलेल्या कॅबिनेटच्या तुलनेत तो कितीतरी अधिक वॉट बाहेर काढतो. त्यामुळे संकलन, त्रिमितीय काम किंवा गेम यांपैकी काहीही करायचे असेल तर मी तो एक पंखा ठेवीन.